जालन्यातील मिशन, निजामाची रियासत आणि सरकारी दवाखाना

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि त्यानंतरच त्याला स्वतःचे जिल्हा रुग्णालय, स्वतःचे जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा परिषदेचा स्वतंत्र आरोग्य विभाग अशी पूर्ण सरकारी व्यवस्था लाभली. परंतु पाश्चात्त्य वैद्यक या भागात त्याच्या कितीतरी आधी येऊन पोहोचले होते, आणि तेही एका वाटेने नव्हे. ते लष्करी छावणीबरोबर आले, निजामाच्या सरकारी खात्यामार्फत आले आणि स्कॉटलंडच्या ख्रिस्ती मिशनबरोबरही आले. मिशनच्या रुग्णसेवेकडे एक तर धर्मांतराचे साधन म्हणून किंवा निखळ भूतदया म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे रुळली आहे, आणि जालन्याचा व त्याच्या आसपासच्या मराठी मुलखाचा इतिहास समोर ठेवला की या दोन्ही दृष्टी अपुऱ्या वाटू लागतात. मिशनला राज्यसत्तेच्या जमिनीवाचून, परवान्यावाचून आणि संरक्षणावाचून पाऊल टाकता आले नाही. पुढे सरकारी रुग्णालये उभी राहिली तेव्हा त्यांनाही मिशनने घडवलेल्या माणसांवाचून, आणि विशेषतः स्त्रियांवाचून, आपले वॉर्ड चालवणे कठीण गेले. हे परस्परावलंबन कसे घडत गेले, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

या भागातील पाश्चात्त्य वैद्यकाचा आरंभ युद्धातून झाला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनच्या परिसरात, केळणा नदीकाठच्या असई गावी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी जी लढाई दिली तिच्यात इंग्रजांकडचेच अकराशेहून अधिक लोक जखमी झाले, आणि त्यांच्यासाठी अजिंठ्याच्या गढीत इस्पितळ मांडावे लागले. त्या इस्पितळाचा स्थानिक रयतेशी काही संबंध नव्हता. पुढे १८२७ मध्ये जालन्यात कायमची छावणी बांधली गेली आणि तिच्यात हैदराबाद कंटिंजंट ठेवण्यात आले. कंटिंजंट म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत असलेली फौज. तिच्या खर्चाच्या थकबाकीपायीच १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. छावणीला तिचा सर्जन होता, औषधांचा साठा होता, परंतु ही व्यवस्था शिपाई, त्यांचे घोडे आणि बाजारबुणगे यांच्यापुरती होती. कुंडलिका नदीच्या काठचे जुने जालना आणि कादराबाद येथील विणकर, सराफ, हमाल आणि आसपासचे शेतकरी आजारी पडले तर वैद्य, हकीम, सुईण, मांत्रिक आणि नवस हेच त्यांचे आधार होते. तरीही छावणीने एक गोष्ट अप्रत्यक्षपणे घडवली: निजामाच्या राज्यात, जिथे परक्या धर्मप्रसारकाला सहज थारा मिळाला नसता, तिथे इंग्रजी सत्तेची छाया असलेले एक ठिकाण तयार झाले, आणि मिशन आले ते तिथेच.

मिशन जालन्यात रुजवणारा माणूस मात्र स्कॉटिश नव्हता. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळात जन्मलेले मराठी गृहस्थ. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना त्यांनी १८४३ मध्ये रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती हा अल्पवयीन मुलगाही मिशनऱ्यांकडे राहू लागला, तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले. त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात जो वाद पेटला, त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाच्या बाजूने उभे राहून कर्मठांचा रोष ओढवून घेतला. ही हकिकत महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात बहुधा जांभेकरांच्या चरित्राचा भाग म्हणून येते आणि थोरला भाऊ त्या पानानंतर दिसेनासा होतो. वास्तविक त्याचे पुढचे आयुष्य मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. त्याच १८४३ साली स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चमधून एक मोठा गट सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध बाहेर पडला आणि त्याने फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड स्थापन केले. मुंबईचे बहुतेक स्कॉटिश मिशनरी या नव्या चर्चमध्ये गेले. त्याच चर्चने शेषाद्रींना १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा दिली आणि १८६३ मध्ये ते जालन्यास आले.

जालन्यात शेषाद्रींचे काम ब्राह्मणांत फारसे फळले नाही. ते फळले ते मांग समाजात, म्हणजे आजच्या मातंग समाजात. गावाच्या उतरंडीत ज्यांना पाण्याचा, जमिनीचा आणि देवळाचा हक्क नाही त्यांना केवळ नवा धर्म देऊन भागत नाही, गाव सोडून राहता येईल अशी जागाही द्यावी लागते, हे त्यांना लवकरच उमगले. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग, ज्यांनी १८५३ पासून १८८३ पर्यंत त्या राज्याचा कारभार अक्षरशः एकहाती वाहिला, त्यांच्या सरकारकडून शेषाद्रींनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिच्यावर बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. शेती, विहीर, शाळा, प्रार्थनामंदिर आणि राहती घरे असलेले ते एक नवे गाव होते. मुसलमान राज्यकर्त्याच्या दिवाणाने, पूर्वाश्रमीच्या ब्राह्मणाला, अस्पृश्य मानलेल्या लोकांचे ख्रिस्ती गाव वसवण्यासाठी जमीन द्यावी, ही घटना मराठवाड्याच्या इतिहासात जितकी ठळक दिसायला हवी तितकी दिसत नाही. शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत बोलून आले, अमेरिका आणि कॅनडात त्यांचे नाव झाले. परंतु १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या मागे टिकून राहिली ती ही वसाहत आणि तिच्यात वाढलेली, अक्षरओळख झालेली, गावगाड्याच्या वेठीतून सुटलेली मुलेमुली. पुढे मिशनने जालन्यात काढलेल्या दवाखान्याला लागणारे मनुष्यबळ नेमक्या अशाच वसाहतींतून आले.

वैद्यकीय मिशन ही कल्पना तेव्हा तशी नवीच होती. एडिंबरो मेडिकल मिशनरी सोसायटी १८४१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा मिशनरी हा आधी धर्मोपदेशक आणि डॉक्टर जमल्यास, असाच समज होता. शतकाच्या अखेरीपर्यंत मात्र पूर्ण पदवी घेतलेला डॉक्टर, आणि त्याहूनही अधिक करून स्त्री डॉक्टर, मिशनच्या कामाचा कणा बनू लागली. चर्चच्या वर्तुळात यावर मोठा खल चालत असे. रोग्याला बरे करणे हे प्रवचनाला श्रोते मिळवण्याचे साधन आहे की ते स्वतःच धर्मकार्य आहे, या प्रश्नाचे एकमुखी उत्तर मिशनऱ्यांनी कधीच दिले नाही, आणि मायदेशी देणगीदारांना पाठवायच्या अहवालात एक व दवाखान्याच्या ओसरीवर दुसरे अशी दुहेरी भूमिका पुष्कळांनी निभावली. ओसरीवरचे वास्तव असे की औषध घेऊन गेलेल्या हजारो रुग्णांपैकी धर्म बदलणारे अगदी थोडे होते. सामूहिक धर्मांतरे घडली ती जमीन, शाळा, दुष्काळातील आसरा आणि जातीचा जाच यांच्या रेट्याने; दवाखान्यातून ती क्वचितच घडली.

निजाम सरकार वैद्यकाच्या बाबतीत उदासीन होते असे मात्र म्हणता येत नाही. हैदराबाद मेडिकल स्कूल १८४६ मध्येच सुरू झाले, तेथील शिक्षण आरंभी उर्दूतून दिले जाई आणि उत्तीर्ण झालेल्यांना हकीम ही उपाधी मिळे. देशी भाषेतून पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्याचा हिंदुस्थानातील तो एक धाडसी प्रयोग होता. १८४७ मध्ये एडिंबरोत जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मची गुंगी प्रचारात आणली. तिच्यामुळे रुग्ण दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हे ठरवण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन चौकशी आयोग बसले आणि त्यांचा खर्च निजामाने सोसला. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या प्रयोगांचा निष्कर्ष, की श्वासच आधी थांबतो, पुढील संशोधनात टिकला नाही, तरी त्या निमित्ताने हैदराबाद जगाच्या वैद्यकीय नकाशावर आले. अडचण होती ती राजधानीबाहेर. राज्याचा सुमारे तीन-पंचमांश मुलूख दिवाणी, म्हणजे सरळ सरकारी अंमलाखाली होता; उरलेला जहागिरदारांकडे आणि निजामाच्या खासगीकडे, ज्याला सर्फ-ए-खास म्हणत. सरकारी दवाखाना दिवाणी मुलखातील मोठ्या कसब्याला लाभला तरी जहागिरीच्या गावात सरकारी डॉक्टर पोहोचण्याची शक्यता फार कमी होती. मराठी बोलणारी रयत, उर्दूतून चालणारे दफ्तर आणि तालुक्याच्या ठिकाणचा एखादा दवाखाना यांच्यामध्ये जे अंतर पडले होते, त्या अंतरात मिशनच्या रुग्णसेवेला जागा मिळाली.

सर्वांत मोठे अंतर होते ते स्त्रियांच्या बाबतीत. पडद्यातली मुसलमान स्त्री असो की सोवळ्यातली ब्राह्मण स्त्री, पुरुष डॉक्टरपुढे ती जाणार नव्हती, आणि शेतमजुरी करणाऱ्या स्त्रीला पडदा नसला तरी बाळंतपण सरकारी दवाखान्यात करावे ही कल्पनाच तिच्या घरात नव्हती. १८८५ मध्ये व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन हिने हिंदुस्थानी स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून राष्ट्रीय निधी उभारला, तेव्हा त्या निधीतून नेमलेल्या डॉक्टरांनी धर्मप्रसार करू नये असा स्पष्ट नियम घातला गेला. म्हणजे मिशनच्या कामाची उपयुक्तता राज्यकर्त्यांनी ओळखली होती आणि त्याच्यातील जोखीमही. या दोन प्रवाहांचा संगम कोल्हापुरात घडला. कोल्हापूरला मिशन स्थापणारे रॉयल वाइल्डर अमेरिकेत परतून एक मिशनविषयक मासिक काढत होते. आपल्या पत्नीला अमेरिकेत शिकवण्यासाठी गोपाळराव जोशी यांनी केलेला पत्रव्यवहार त्या मासिकात छापला गेला, तो वाचून न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना लिहिले आणि पुढचा सारा इतिहास मराठी वाचकांना माहीत आहे. १८८६ मध्ये पदवी घेऊन आलेल्या आनंदीबाईंची नेमणूक झाली ती कोल्हापूर संस्थानच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्री विभागावर. मिशनच्या मासिकाने वाट उघडली, ख्रिस्ती होण्याचा आग्रह बाईंनी ठामपणे नाकारला आणि त्यांच्यासाठी पद तयार ठेवले ते संस्थानी सरकारने. फेब्रुवारी १८८७ मधील त्यांच्या मृत्यूने ते पद त्यांना सांभाळता आले नाही, एवढीच त्या हकिकतीतील हळहळ.

जालन्याच्या मिशन दवाखान्यासारख्या संस्थांतील दैनंदिन कामाचा साचा हिंदुस्थानभर बराचसा सारखा होता. सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडण्यापूर्वी ओसरीवर प्रार्थना आणि शास्त्रवाचन होई. बैलगाडीतून रात्रभर प्रवास करून आलेली माणसे ते ऐकत बसून राहत, कारण डॉक्टरबाई त्यानंतरच बसत. रुग्णाने स्वतःची बाटली आणायची, कंपाउंडरने तीत मिक्स्चर ओतायचे आणि बाटलीवर कातरीने दाते पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची. एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंत एक खुराक. अक्षर न येणाऱ्या माणसाला मात्रेचे माप समजावण्याची ही युक्ती कोणत्याही पुस्तकी सूचनेपेक्षा सरस होती. भरती झालेल्या रुग्णाबरोबर त्याचे घर येई: आवारातल्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून नातेवाईक भाकरी भाजत, कारण दवाखान्यातले अन्न कोणाच्या हातचे, हा प्रश्न खाटेवरही सुटत नसे. शस्त्रक्रियेत जाळीच्या मुखवट्यावर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकत गुंगी दिली जाई. मोतीबिंदू, मूतखडा, अडलेली बाळंतीण, गळू, भाजलेली मुले आणि गुरांनी शिंग मारलेली माणसे हा तेव्हाचा नित्याचा रुग्णवर्ग. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने मिशनची कीर्ती जितकी पसरली तितकी कोणत्याही उपदेशाने पसरली नाही, कारण काठी धरून आलेला म्हातारा काठीवाचून गावात परतला की ते साऱ्या पंचक्रोशीला दिसत असे.

तथापि या व्यवस्थेचे खरे रहस्य डॉक्टरपेक्षा परिचारिकेत होते, आणि तिच्यावर इतिहासकारांनी फार कमी लिहिले आहे. परक्याचा मळ काढणे, जखम धुणे, बाळंतिणीचे करणे ही कामे आपल्या समाजात जातीने ठरून गेलेली होती. सुईणपणही पुष्कळ गावांत मांग किंवा महार स्त्रियांकडे असे, आणि ज्या हातांनी नाळ कापली त्या हातांचा स्पर्श बाराव्या दिवसानंतर विटाळ ठरे. रात्रपाळी करणे, परपुरुषाच्या अंगाला हात लावणे, पगार घेऊन राबणे या तिन्ही गोष्टींमुळे नर्सचे काम सवर्ण घरातील मुलीला अशक्य होते. मिशनने या कामाला प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र, पांढरा गणवेश आणि पगार दिला, आणि ते काम करायला पुढे आल्या त्या बेथेलसारख्या वसाहतींतील मुली, टाकलेल्या व विधवा स्त्रिया आणि दुष्काळात अनाथ झालेली मुले. १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ, जो विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे त्या नावाने ओळखला गेला, त्याने मिशनच्या अनाथाश्रमांत असंख्य मुले आणून सोडली. त्यांच्यातील अनेक मुली पुढे शिक्षिका आणि परिचारिका झाल्या. त्याच १९०० मध्ये मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यावरून सुरू झाली, तेव्हा औषधे, उपकरणे, रुग्ण आणि शिकाऊ नर्सेस या साऱ्यांची ये-जा सोपी झाली, आणि १९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजी फौजेत विलीन होऊन छावणी उठली तरी जालना ओस पडले नाही.

या परिचारिकांचे पाऊल सरकारी रुग्णालयांत कसे पडले, हे कळले की मिशन आणि सरकार यांच्या संबंधांचा गाभा हाती येतो. वैद्यकीय मिशनऱ्यांची अखिल भारतीय संघटना १९०५ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या पुढच्या रूपाने, म्हणजे भारतीय ख्रिस्ती वैद्यकीय संघटनेने, मिशन रुग्णालयांतील नर्सिंग शाळांना एक अभ्यासक्रम आणि एक परीक्षा मंडळ दिले. त्यामुळे एखाद्या आडवळणी गावच्या मिशनमध्ये शिकलेल्या मुलीचे प्रमाणपत्र मुंबई, पुणे, नागपूरच्या सरकारी रुग्णालयांतही चालू लागले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशातील प्रशिक्षित परिचारिकांत ख्रिस्ती स्त्रियांचे प्रमाण प्रचंड होते आणि त्यांच्यातील बहुतेक मिशन रुग्णालयांत शिकलेल्या होत्या. १९४६ च्या भोर समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी करून दिलेला आकडा बोलका आहे: सहा हजार तीनशे लोकांमागे एक डॉक्टर, तर त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका. म्हणजे डॉक्टरांची टंचाई होतीच, पण परिचारिकांचा दुष्काळ होता; त्याचे मूळ जातीत आणि स्त्रीच्या स्थानात होते. समाजाने अपवित्र मानलेल्या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती समाजानेच अपवित्र ठरवलेल्या स्त्रियांनी, आणि स्वतंत्र भारताच्या सरकारी रुग्णालयांनी त्यांचा हा वारसा जवळजवळ नकळत उचलला.

मराठी मुलखात मिशनच्या वैद्यकाचे सर्वांत मोठे रूप दिसले ते मिरजेत. कॅनडात जन्मलेले विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले. मिरज संस्थानाकडून जागा आणि फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांच्याकडून पैसा मिळून त्यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उघडले आणि १८९७ मध्ये त्याला जोडून वैद्यकीय शाळाही निघाली. मिरजेच्या नावाने दक्षिण महाराष्ट्र, कर्नाटक आणि कोकणातून रुग्णांची रीघ लागली. १९२८ मध्ये वॉनलेस यांना सर हा किताब मिळाला. जालना आणि मिरज यांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. मिरजेला लहान पण सोबत देणारे संस्थान, रेल्वेचे जंक्शन, एक असामान्य शल्यचिकित्सक आणि अमेरिकन धनिक यांचा योग जुळून आला. जालन्याला मोठ्या रियासतीच्या कडेचा कोरडवाहू मुलूख, स्कॉटिश चर्चच्या मर्यादित निधीवर चालणारे काम आणि दर काही वर्षांनी येणारे अवर्षण वाट्याला आले. म्हणूनच मिशनच्या वैद्यकाचा इतिहास मिरज आणि वेल्लोर येथील मोठ्या मिशन रुग्णालयांच्या यशावरून लिहिणे पुरेसे नाही. देशातील बहुसंख्य मिशन दवाखाने जालन्याच्या जातीचे होते: काही डझन खाटा, एकदोन डॉक्टर, मूठभर सिस्टर, आणि दर वर्षी पैशाची विवंचना.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ज्याला सारा मराठवाडा घाटी म्हणून ओळखतो. जालना, अंबड, परतूर, भोकरदनच्या गंभीर रुग्णाची वाट तेव्हापासून घाटीकडे वळली. त्याच सुमारास मिशनविषयीचा संशयही राजकीय पातळीवर उघड झाला. वऱ्हाड आणि नागपूर तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होते त्या राज्याने नेमलेल्या भवानीशंकर नियोगी समितीने १९५६ मध्ये अहवाल देऊन, धर्मांतराचे थेट साधन म्हणून वैद्यकीय सेवेचा वापर कायद्याने बंद करावा अशी शिफारस केली. हे नियोगी नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायाधीश; त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉ. आंबेडकरांच्या बरोबर त्यांनी स्वतः बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ही गोष्ट अहवालाचे नाव घेणाऱ्यांच्या सहसा ध्यानात नसते. परदेशी मिशनऱ्यांना प्रवेश देण्याचे नियम कडक झाले, परदेशी निधीचा ओघ आटत गेला, आणि स्कॉटिश मिशनच्या संस्था हळूहळू भारतीय चर्चकडे आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा या स्थित्यंतराला अंतिम रूप मिळाले.

मिशन रुग्णालयांवरचे हे संकट केवळ भारताचे नव्हते. आशिया-आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, नवी सरकारे आरोग्य ही आपली जबाबदारी मानत होती आणि मिशन रुग्णालयांचा खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेर चालला होता. टांझानियासारख्या देशाने एक वेगळा मार्ग काढला: जिथे सरकारी जिल्हा रुग्णालय नाही तिथल्या चर्चच्या रुग्णालयालाच जिल्हा रुग्णालय म्हणून मान्यता द्यायची आणि त्याचा खर्च सरकारने उचलायचा. भारताने हा मार्ग घेतला नाही. येथे सरकारने आपली स्वतंत्र साखळी उभारली आणि मिशनला खासगी धर्मादाय संस्थेच्या रांगेत बसवले. त्याला महाराष्ट्रात एक अपवाद घडला. १९६२ मध्ये मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांना रुग्णशय्येजवळचे शिक्षण देण्यासाठी मिशनचे वॉनलेस रुग्णालय आणि सांगलीचे सरकारी रुग्णालय अशी दोन्ही रुग्णालये जोडून घेण्यात आली. सरकार आणि मिशन यांनी एकाच वॉर्डात उभे राहून डॉक्टर घडवण्याचा तो प्रयोग अधिक जिल्ह्यांत व्हायला हवा होता.

मिशन रुग्णालयांच्या आत्मपरीक्षणातून जगाला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र गोदावरीच्या पलीकडे, नेवासे तालुक्यातील वडाळ्यापासून सुरू झाली. वेल्लोरला शिकलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९६० च्या दशकात तेथील मिशन रुग्णालयात काम करत असताना त्यांच्या लक्षात आले, की बरे करून घरी पाठवलेली मुले त्याच जुलाबाने आणि त्याच कुपोषणाने पुन्हा खाटेवर येतात, आणि बहुतांश आजार गावातच टाळता येण्याजोगे आहेत. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बऱ्याचदा निरक्षर आणि दलित असलेल्या स्त्रियांना त्यांनी बाळंतपण, नवजात बाळाची निगा, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी आणि कुष्ठ व क्षय यांची ओळख शिकवली. विळ्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने दगावणारी बाळे निर्जंतुक पात्याने वाचतात, हे त्या स्त्रिया स्वतः इतर स्त्रियांना सांगू लागल्या. १९६८ मध्ये जागतिक चर्च परिषदेने जिनिव्हात स्थापलेल्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाने चर्चची वैद्यकीय शक्ती इमारतींत आणि उपचारांत अडकून पडल्याचे प्रांजळपणे मान्य केले होते. त्याच शहरात मुख्यालय असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या ग्रंथात जामखेडचा दाखला घेतला आणि १९७८ मध्ये आल्मा-आटाच्या परिषदेत १३४ देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेची सनद स्वीकारली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून गावोगाव दिसणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या मागे इतरही प्रयोग आहेत, पण तिची थोरली बहीण जामखेडची ग्रामआरोग्य सेविका आहे, हे निःसंकोच म्हणता येते.

जालना जिल्ह्यात आज सरकारी व्यवस्थेचे दोन हात आहेत: जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालये राज्याच्या आरोग्य खात्याकडे, तर प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे. सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र हा त्यांचा ठरीव निकष. घनसावंगी किंवा मंठ्याच्या एखाद्या वस्तीवरून उपकेंद्राची नर्स लसीची पेटी खांद्याला लावून निघते, तेव्हा ती मिशनच्या फिरत्या दवाखान्याचेच काम सरकारी नेमणुकीने करत असते. मिशन रुग्णालय शहरात आपल्या जागी उभे आहे, परंतु सरकारशी त्याचे नाते आता जमिनीच्या सनदेचे किंवा अनुदानाचे राहिलेले नाही. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सामील होणाऱ्या रुग्णालयाला ठरलेल्या शस्त्रक्रियांचे ठरलेले पैसे शासनाकडून मिळतात. पूर्वी सरकार जिथे पोहोचत नव्हते तिथे मिशन जात असे. आता सरकार सेवा विकत घेते आणि मिशनसह सर्व खासगी रुग्णालये त्या एकाच बाजारात उभी आहेत. गरिबाच्या दृष्टीने हा बदल सर्वस्वी लाभाचा झालेला नाही, कारण योजनेच्या यादीत न बसणारा साधा ताप, लांबलेला क्षय किंवा म्हातारपणाचे दुखणे यांच्यासाठी जुना मिशन दवाखाना जी ओसरी उघडी ठेवत असे, तिची तरतूद कोणत्याही योजनेच्या दरपत्रकात नाही.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन झाले आणि त्यांत जालन्याचे नाव होते. छावणीच्या सर्जनपासून हिशेब धरला तर जवळजवळ दोनशे वर्षांनी या शहरात सरकारी खर्चाने डॉक्टर घडू लागले. मिरजेच्या महाविद्यालयाला १९६२ मध्ये मिशनच्या खाटांचा आधार घ्यावा लागला होता. जालन्याच्या महाविद्यालयाने शिक्षणासाठी सरकारी रुग्णालयाच्याच खाटा घेतल्या आहेत, आणि त्या खाटांभोवती काम करणाऱ्या सिस्टर आता सर्व जातिधर्मांतून येतात.